सायकलवरच्या मुलाचाही रस्त्यावर हक्क आहे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
मा. मुख्याधिकारी, रत्नागिरी नगर परिषद
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, रत्नागिरी



केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 रोजी मोटार वाहन नियमांत एक चांगला बदल केला. मोटारसायकलवर नऊ महिने ते चार वर्षांचं मूल असेल, तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यावर मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. वर्षभराने हा नियम लागूही झाला. तरी शाळा भरायच्या वेळी मारुती मंदिराच्या चौकात उभं राहून पाहा. स्कूटरवर पुढे एक मूल उभं, मागे दप्तरासकट दुसरं, आणि हेल्मेट असलंच तर ते मोठ्या माणसाच्या डोक्यावर. पालकांना नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. घरातून वेळेत निघायचं, मूल पोचवायचं आणि तसंच कामावर जायचं, यासाठी या शहराने त्यांना दुसरी सोय ठेवलेली नाही.

मी माझ्या मुलीला बालवाडीत सायकलने नेते. लांब, भक्कम कॅरिअर, त्यावर पाठीला आधार देणारी खुर्ची, कमरेला पट्टा, पाय टेकायला पाटी आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. यातली जाळी सर्वांत महत्त्वाची. साध्या कॅरिअरवर बसलेलं मूल कंटाळलं की पाय हलवतं, टाच चाकाच्या तारांत जाते आणि कातडं सोलवटून निघतं, कधी हाडही मोडतं. जाळीचा खर्च फार नाही, कुठलाही वेल्डिंगवाला ती बसवून देईल. पण ती हवी हे पालकांना कुणी सांगतच नाही, कारण मोटारसायकलवरच्या मुलाचा विचार करणाऱ्या त्या नियमात सायकलवरचं मूल येत नाही.

ओझं वाहणारी सायकल आपल्याला नवी नाही. कोकणातला पाववाला मागे पेटारा बांधून वर्षानुवर्षं दारोदार येतो आहे. कोपनहेगनमध्ये 1984 साली पुढे लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल तयार झाली. आज तिथे अशा पेटीत मुलांना बसवून शाळेत सोडणं रोजचंच आहे. अशा सायकली वापरणाऱ्या देशांत निष्काळजीपणाही खपवून घेत नाहीत. नेदरलँड्समध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अशा सायकलींचे सांगाडे तुटत असल्याचं आढळलं, तेव्हा सरकारी यंत्रणेने विक्रीच थांबवली. मुलं बसतात ती वस्तू तपासायची आणि तिच्यासाठी रस्ताही द्यायचा, या दोन्ही जबाबदाऱ्या तिथल्या यंत्रणेने आपल्या मानल्या आहेत.

रत्नागिरीत चढ आहेत, हे मला रोज पायांना कळतं. पण नाचणे, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव हा सड्यावरचा भाग बराचसा सपाट आहे. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी. एवढं अंतर तर सायकलचंच. रामआळी, मांडवीकडून वर यायचं असेल तर 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकल नियमांप्रमाणे मोटार वाहनात मोडत नाही. तिला लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. पायाला हातभार मिळाला की मुलासकट चढ चढता येतो.

अडतं ते रस्त्यावर. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच डांबराची कड खचते. खचलेली कड चुकवायला सायकल आत घ्यावी, तर मागून डंपर हॉर्न देतो. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने बसवलेले असले की चाक सरळ त्यांत जातं. एकटी असेन तर मी पाय टेकून सावरीन. मागे बांधलेल्या मुलाला उडीही मारता येत नाही.

मिऱ्या-नागपूर महामार्ग साळवी स्टॉप आणि कुवारबावच्या वस्तीतून जातो, तिथेही सायकलला सुरक्षित जागा हवी. सायकल मार्ग कसे आखावेत याची शिफारस इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 सालीच छापली आहे, म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 198 अ नुसार, रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मूल गेल्यावर त्या दंडाचं मी काय करू?

म्हणून मागणं आत्ताच मांडते. नगर परिषदेने पावसाळ्यापूर्वी शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा भराव्यात, गटारांच्या जाळ्या आडव्या गजांच्या बसवाव्यात आणि शाळेच्या फाटकाजवळ सायकली लावायला जागा आखावी. परिवहन कार्यालयाने पट्टा, हेल्मेट आणि चाकाची जाळी यांची माहिती प्रत्येक अंगणवाडीत आणि शाळेत पालकांसमोर मांडावी. सुरुवातीला दंडाची पावती फाडण्यापेक्षा हे करावं. आणि जिल्हाधिकारी महोदय, रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि लहान मुलांच्या दोन-चार पालकांना त्या बैठकीत बोलू द्या.

आपली नम्र,
बालवाडीतल्या एका मुलीची आई
नाचणे, रत्नागिरी