जमिनीखालचे स्थानक, जमिनीवरची जागा

दादरला गोखले रस्त्याच्या खाली मेट्रोचे स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. २७ स्थानके, त्यातली २६ जमिनीखाली. खर्च ३७ हजार कोटींच्या वर. त्यानंतर शहरातल्या मैत्रिणींच्या एका बैठकीत 'बायकांसाठी किती सोयीचे!' असे कौतुक ऐकले. खोटे कशाला बोलू, मलाही ते स्थानक आवडले. लिफ्ट, सरकता जिना, भरपूर उजेड. कर्जत लोकलच्या महिला डब्यात अवघडून आलेल्या बाईला याचे मोल कळते.

पण मी कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर काम करते. तिथल्या बायका पहाटेच्या अंधारात पाट्या आणि बोचकी घेऊन गाडी पकडतात आणि ९० किलोमीटरवरच्या दादरला माल विकायला जातात. पावसाळ्यात रानभाज्या, दसऱ्याला आपट्याची पाने, एरवी जंगलातून मिळेल तो पाला. वाडीवर मी नव्या स्थानकाचे वर्णन केले, तेव्हा एक मावशी म्हणाली, "ताई, आम्हाला कुठं खाली उतरायचंय? आम्हाला वरच बसायचंय. वर बसू देतील का, तेवढं विचार."

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या बैठकीत कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

स्थानक झाले की त्याचे तोंड मोकळे हवे, ही मागणी येणारच. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. पूल अरुंद होता, गर्दी अफाट होती. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. पूल अरुंद ठेवणारे कुणी टोपलीवाले नव्हते, पण उठावे लागले ते त्यांना. आता हीच रेघ मेट्रोच्या प्रत्येक दरवाजाभोवती ओढली, तर दादरच्या बाजारात पाटी ठेवायला जागा उरेल का?

कुणी म्हणेल, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. आहे, आणि तो लढून मिळवलेला कायदा आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करा, जागा आखून द्या, शहर समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या आणि त्यांत एक तृतीयांश बायका असू द्या, असे तो सांगतो. पण त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये प्रमाणपत्र घेण्याआधी हमी द्यावी लागते की, मला उपजीविकेचे दुसरे साधन नाही.

ही हमी आमच्या बायकांनी कशी द्यायची? पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणी, दिवाळीनंतर नवऱ्यासोबत वीटभट्टी, मधल्या काळात जंगल आणि दादर. यातल्या एकाही कामावर घर चालत नाही, म्हणून तर ती चार कामे करते. एक माणूस, एक धंदा, बारा महिने एक जागा, या हिशेबाने लिहिलेल्या कायद्यात तुकड्यातुकड्यांनी राबणारी बाई बसतच नाही. सर्वेक्षणाच्या दिवशी ती भट्टीवर असेल, तर ती विक्रेती नाही. दादरला असेल, तर खरे सांगितल्यावर ती पात्र नाही. मग गाडी आली की पाटी उचलून पळायचे, एवढेच तिच्या हाती राहते.

पदपथ चालणाऱ्यांचेही आहेत, हे मला मान्य आहे. चालणाऱ्यांत आपणच बायका जास्त अडखळतो. म्हणूनच जागा आखून द्या, असे म्हणते. जुन्या दादरच्या पोटात अख्खे स्थानक खणता येते, त्या शहराला चार बाय चार फुटांची जागा आखता येत नाही, हे मला पटत नाही. येत नाही असे नाही, आखायची नाही.

तेव्हा आपल्या गटांनी तीन मागण्या लावून धराव्यात. मेट्रो स्थानकांच्या परिसराची आखणी करताना हंगामी विक्रेत्या बायकांसाठी राखीव जागा ठेवावी. त्या जागेजवळ पाणी आणि स्वच्छतागृह असावे, तेही तिकीट न काढता वापरता येणारे. आणि कलम ५ मधली ती अट हंगामी मजुरी करणाऱ्या बायकांना लागू नये.

स्त्रियांसाठी सोयीचे म्हणताना कोणत्या स्त्रिया, हे आपण पूर्वी सरकारला विचारत होतो. आता ते स्वतःलाही विचारू या. आपण सरकत्या जिन्याने वर येतो, आपट्याची पाने घेतो आणि घरी जातो. ती पाने आणणारी उद्या त्या जिन्याच्या तोंडाशी दिसली नाही, तर तिला कुणी हटवले हे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.