कोणाला काय ठाऊक आहे? : नाट्यगत उपरोध आणि आमचे वर्ग

शालेय मराठीच्या अध्यापनात वाङ्मयीन संकल्पनांची जी अवस्था झाली आहे, तिचे वर्णन एकाच क्रियापदात करता येईल : ‘ओळखा’. अलंकार ओळखा, रस ओळखा, वृत्त ओळखा. विद्यार्थ्याला ‘जणू’ दिसला की तो उत्प्रेक्षा लिहितो, ‘सम’ किंवा ‘परी’ दिसले की उपमा लिहितो आणि आपला गुण पदरात पाडून घेतो. या पद्धतीला आमचा सरसकट विरोध नाही. ज्या अलंकारांची खूण शब्दांत सापडते, त्यांच्यापुरती ती चालते. परंतु ज्या युक्तीची शब्दांत कोणतीच खूण नसते, तिचे काय करायचे? नाट्यगत उपरोध ही अशी युक्ती आहे. पात्र साधेच वाक्य बोलते. त्या वाक्याला धार येते ती प्रेक्षकाला ठाऊक असलेल्या आणि पात्राला ठाऊक नसलेल्या गोष्टीमुळे. म्हणजे ती ओळीत नसते, ओळीच्या बाहेर असते. ‘ओळखा’ म्हणून ती सापडणार नाही.

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. कोणी ‘नाट्यगत उपरोध’ म्हणतो, कोणी ‘वक्रोक्ती’कडे वळतो, कोणी सरळ इंग्रजी शब्द वापरून मोकळा होतो. रोजच्या मराठीत उपरोध म्हणजे टोमणा. साहजिकच ‘या प्रवेशातील उपरोध सांगा’ असे म्हटले की मुले टोमणा शोधू लागतात, आणि तो न सापडल्यामुळे गोंधळतात. व्याजस्तुतीत बोलणारा जाणूनबुजून उलट बोलतो; येथे बोलणारा अगदी मनापासून, सरळ बोलत असतो. हा भेद स्पष्ट केल्याविना पुढे जाणे व्यर्थ आहे. म्हणून आमचे मत असे की, नाव शेवटी सांगावे. आधी वस्तू दाखवावी.

वस्तू दाखवायला फार दूर जावे लागत नाही. आठव्या शतकातील भवभूती स्वतःच्या कुळाचे मूळ विदर्भातील पद्मपूर येथे असल्याचे सांगतो. त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक इयत्ता नववीच्या मुलांना कथारूपाने सांगता येतो. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत आहेत. गर्भवती सीतेला ती अरण्ये पुन्हा पाहण्याचे डोहाळे लागतात. राम लक्ष्मणाला रथ सज्ज करायला सांगतो. दमलेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. हिचे सारेच प्रिय, असह्य काय तो हिचा विरह, असे राम मनाशी म्हणतो. आणि नेमक्या त्याच क्षणी द्वारपालिका कोणीतरी आल्याची वर्दी देते. आलेला असतो दुर्मुख, लोकापवादाची बातमी घेऊन. राम बोलला विरहाविषयी, वर्दी होती हेराची. दोन वाक्ये एकमेकांना भिडली आणि भविष्य उघडे पडले. आपल्या नाट्यशास्त्राने अशा योजनेला ‘पताकास्थानक’ असे नाव दिलेले आहे. परकीय संज्ञेसाठी प्रतिशब्द शोधताना हा शब्द वर्गाबाहेर राहावा, हे आम्हांला खटकते.

पण खरा घाव पुढे आहे. डोहाळे पुरवण्यासाठी मागवलेला तोच रथ सीतेला त्यागासाठी घेऊन जातो, आणि ती आनंदाने त्यात बसते. रामकथा ठाऊक असलेला एकही प्रेक्षक तो आनंद स्वस्थपणे पाहू शकत नाही. येथे फळ्यावर तीन रकाने आखावेत : सीतेला काय ठाऊक आहे, रामाला काय ठाऊक आहे, आपल्याला काय ठाऊक आहे. मुले ते भराभर भरतात, कारण हा प्रश्न पाठांतराचा नाही. मग दुसरा प्रश्न विचारावा : आपल्याला ठाऊक आहे, तर आपण सीतेला थांबवत का नाही? या प्रश्नावर वर्ग शांत होतो. प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते आणि त्याला बोलता येत नाही. करुणरसाचा उगम याच कोंडीत आहे. एवढे मुलांच्या हाती लागले, की सॉफोक्लिसचा राजा ईडिपस खुन्याला शाप देतो तेव्हा तो स्वतःलाच शापत आहे, हेही त्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरे उदाहरण गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे घ्यावे, कारण तेथे रकाने निराळ्या रीतीने भरतात. नवऱ्याच्या हातून झालेली जखम मरणोन्मुख सिंधू पोलिसांपुढे आपल्या पडण्याने झाली असे सांगते. येथे पात्र आणि प्रेक्षक दोघांनाही सत्य ठाऊक आहे. अंधारात आहे तो विचारणारा. उपरोध एकसाची नसतो, ज्ञानाची वाटणी बदलली की त्याचा परिणाम बदलतो, हे मुलांना या तुलनेतून कळते.

यावर शिक्षकमित्रांचा आक्षेप ठरलेला आहे : हे अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येत नाही, आणि वेळ नाही. आक्षेप खोटा नाही. परंतु वरील उदाहरणांना दोन तासिका पुरतात. आणि कथा, नाट्यउतारा किंवा आत्मकथनाचा अंश वाचताना ‘कोणाला काय ठाऊक आहे’ हा प्रश्न विचारायला वेगळी तासिका लागतच नाही. रसग्रहणाच्या उत्तरांत ठोकळेबाज वाक्ये येतात म्हणून आपण जी तक्रार करतो, तिच्यावर हा उपाय परीक्षेच्या दृष्टीनेही उपयोगी आहे.

आता आम्ही ज्या जिल्ह्यात शिकवतो त्या यवतमाळविषयी. जानेवारी 2019 मध्ये येथे 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. मात्र त्यांचे न झालेले भाषण अनुवादित होऊन महाराष्ट्रभर वाचले गेले. याला प्रसंगाचा उपरोध म्हणावे, नाट्यगत नव्हे. कारण येथे अपेक्षित आणि घडलेले यांत विरोध आहे, जाणता प्रेक्षक आणि अजाण पात्र यांत नाही. भेद शिकवायला हे उदाहरण चांगले आहे.

त्या संमेलनाचे उद्घाटन अखेर वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. अशाच घरांतील स्त्रिया या नाटकात रंगमंचावर उभ्या राहतात. आमच्या रकान्यांत हे नाटक भरून पाहिले, की सारी मांडणी उलटी होते. भवभूतीच्या नाटकात प्रेक्षक जाणता आणि पात्र अजाण. ‘तेरवं’मध्ये रंगमंचावरची स्त्री जाणती आणि शहरी प्रेक्षक अजाण. तिला जे ठाऊक आहे, ते तिकीट काढून आलेल्याला ठाऊक नाही, आणि आपले अजाणपण त्याला नाट्यगृहात बसल्या बसल्या कळू लागते.

ही उलटापालट आमच्या वर्गांतही रोज होत असावी, असे आम्हांला वाटते. कष्ट केले की फळ मिळतेच, असे एखाद्या पाठाचे तात्पर्य शिक्षक ठामपणे सांगत असतो, आणि समोर अशी मुले बसलेली असतात ज्यांच्या घरी कापसाचा भाव, सावकाराचे व्याज आणि यंदाच्या पावसाचा खंड यांची चर्चा रात्री उशिरापर्यंत चाललेली असते. झरी-जामणीच्या शाळेत कोलामी घरातले मूल असेल, दिग्रस-पुसदकडे गोरमाटी बोलणारे असेल. ती मुले उलट बोलत नाहीत. वहीत तात्पर्य उतरवून घेतात. या प्रवेशातले अजाण पात्र कोण, हे निराळे सांगायला हवे काय?

म्हणून एक पथ्य आम्ही आवर्जून सांगू. ‘तुमच्या घरातील असे उदाहरण द्या’ हा उपक्रम करू नये. ज्या वर्गात कोणाच्या घरी काय घडले आहे हे आपल्याला पूर्णपणे ठाऊक नसते, तेथे मुलाचे दुःख संकल्पनेचे साधन म्हणून मागणे ही क्रूरता आहे. सीता आणि सिंधू त्यासाठीच आहेत : त्यांच्याविषयी बोलताना मुलाला स्वतःविषयी न बोलता बरेच काही बोलता येते. बोलायचे की नाही, हा निर्णय त्याचा.

शिक्षकाने मात्र चौथा रकाना स्वतःसाठी आखून ठेवावा : या मुलांना ठाऊक असलेले आणि मला ठाऊक नसलेले काय आहे? तो फळ्यावर लिहायचा नाही. तात्पर्य सांगण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा पाहायचे, आणि जे तात्पर्य त्या मुलांसमोर टिकणार नाही, ते सांगायचे नाही.