खेळाचा कठीणपणा : दोन प्रकार

खेळ म्हणजे विरंगुळा, आणि विरंगुळ्यांत मुलास वारंवार हार खावी लागूं नये, असें मत पुष्कळ पालकांकडून आम्ही ऐकतों. तें आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. 1985 सालीं जपानांतील सेगा कंपनीनें काढलेला 'हँग-ऑन' हा मोटारसायकलीचा खेळ उदाहरणादाखल घेऊं. कठीणपणा हितकर केव्हां व अनिष्ट केव्हां, याचा विचार त्यावरून बरा करितां येतो.

यू सुझुकी यांनीं रचलेला हा खेळ नाणें टाकून चालणाऱ्या यंत्राचा. त्याच्या मोठ्या नमुन्यांत मोटारसायकलीची प्रतिकृतीच असे. तीवर बसून खेळणारानें अंग डावीकडे-उजवीकडे झोंकावें, म्हणजे पडद्यावरील गाडी वळे. मार्गाचे टप्पे पांच. टप्प्याचें नाकें नेमल्या वेळांत गांठलें तर पुढें कांहीं सेकंद वाढवून मिळत. न गांठलें तर खेळ संपला. वळणावर वेग आवरला नाहीं, कीं गाडी कडेच्या फलकावर आदळून स्वार दूर फेंकला जाई. घड्याळ मात्र त्याच्यासाठीं थांबत नसे. पुन्हां शून्यापासून वेग घ्यावयाचा!

आतां या कठोरपणाचे दोन भाग पाडले पाहिजेत. वळण कोठें येतें, वेग केव्हां कमी करावा, पुढच्या गाडीच्या कोणत्या अंगानें निघावें, हें शिकविणारा जो भाग, त्यास आम्ही शिक्षकच समजतों. तो लबाडी करीत नाहीं. आजचें वळण उद्यां त्याच जागीं असतें. दुसरा भाग दुकानदाराचा. यंत्राच्या पोटांत बारीक खटके असत. ते खालींवर करून मालकास वेळ कमी-अधिक करितां येई, अडचणही वाढवितां येई. खेळ लवकर संपला म्हणजे दुसरें नाणें लवकर पडे, हा हिशेब उघड आहे. मुलाच्या शिकण्याशीं त्याचा संबंध नाहीं. (प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हां मंडळींनींही हा भेद ध्यानांत ठेवावा.)

1987 सालच्या 'सुपर हँग-ऑन'मध्यें आफ्रिकेचा मार्ग 6 टप्प्यांचा, आशियाचा 10, अमेरिकेचा 14 आणि युरोपचा 18 टप्प्यांचा आहे. ही चढती भाजणी आम्हांस पसंत आहे. नवशिक्यास आपली पायरी स्वतः निवडतां येते.

असले जुने खेळ आतां घरींही खेळतां येतात. नाणें गेलें, त्याबरोबर दुकानदारही गेला. परंतु हार फुकट झाली. त्याच वळणावर दहा वेळां पडून मूल विचार न करितां अकराव्यांदा निघतें. अशा वेळीं पालकांनीं यंत्र हिरावून घेऊं नये, आणि खेळ सोपा करूनही देऊं नये. शेजारीं बसून विचारावें, "कोणत्या वळणावर पडलास? पडण्यापूर्वीं वेग किती होता?" वेगाचा आंकडा पडद्यावर दिसतच असतो. उत्तर आलें तर आणखी एक खेप खुशाल खेळूं द्यावी. न आलें तर यंत्र बंद करावें, मात्र रागानें नव्हे. तें वळण उद्यांही तेथेंच असेल.