भीड आणि गाडीची एक चक्कर

परवा रात्री अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. तो मिशिगनला असतो. घराजवळ मोठं तळं आहे, म्हणून काही वर्षांपूर्वी त्याने पाण्यावर चालणारी स्कूटर घेतली होती. तिकडे तिला जेट स्की म्हणतात. आता ती विकायला काढली आहे. म्हणाला, "काका, घेणारा म्हणतो की आधी चालवून बघतो. देऊ का? अनोळखी माणूस आहे. पण नाही म्हणायला कसंतरीच वाटतं."

मला हसू आलं. फुलसावंगीत राहणाऱ्या माणसाला जेट स्कीबद्दल विचारतोय! मी ती पाहिली फक्त टीव्हीवर. पण "नाही म्हणायला कसंतरीच वाटतं" हे वाक्य फार ओळखीचं होतं. त्या वाक्याची किंमत मी एकदा मोजली आहे. आजवर घरात सगळ्यांना सांगितलं नव्हतं, आज लिहितो.

२०१२ सालची गोष्ट. मी निवृत्त झालो होतो आणि जुनी मोटारसायकल विकायची होती. एक मुलगा बघायला आला. माझाच जुना विद्यार्थी. सोबत त्याचा मित्र. गाडीभोवती फिरून झालं, सायलेन्सरला हात लावून झाला. मग म्हणाला, "सर, एक चक्कर मारून येतो न." मी चावी दिली. लायसन्स आहे का, हे विचारलंच नाही. पाचवीपासून ओळखतो त्या पोराला कागद कसा मागायचा? त्याला काय वाटेल?

अर्धा तास झाला, तास झाला. मग निरोप आला की महागावच्या रस्त्याला पुलाजवळ गाडी घसरली. त्याला पुसदच्या दवाखान्यात नेलं होतं. उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. लायसन्स नव्हतं, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आणि गाडीचा विमा दोन महिन्यांपूर्वी संपलेला. विकायचीच आहे, आता कशाला भरायचा, हा माझा हिशोब!

दवाखान्यात त्याची आई भेटली. मला बघताच उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमच्या गाडीचं नुकसान झालं. आम्ही भरून देऊ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईला वाटत होतं की गुन्हा तिच्या पोराचा आहे. खरं तर चावी माझ्या हातातून गेली होती. पैसे अर्थात घेतले नाहीत, दवाखान्याचं बिलही मीच भरलं. पण पैशाने ते वाक्य पुसलं गेलं नाही.

आपल्याकडे म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. मी म्हणतो, कधी कधी ती अपघाताचीही बहीण असते.

माझे वडील शेतकरी. बैल विकताना ते कधी भीड बाळगत नसत. बाजारात गिऱ्हाईक दात मोजायचं, खूर बघायचं, चालवून बघायचं, गाडीला जुंपून बघायचं. वडील सगळं करू द्यायचे. पण कासरा त्यांच्या हातात! "बैल माझा आहे तोवर कासरा माझा," असं ते म्हणायचे. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. उलट बैल मारका आहे की गरीब, कुठल्या बाजूला ओढतो, हे मालकाशिवाय कोण सांगणार? मग बैल गेले, गाड्या आल्या, आणि आपण कासरा अनोळखी माणसाच्या हातात देऊन ओसरीवर चहा पीत बसायला लागलो.

कायदाही वडिलांसारखंच बोलतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हातांतून फिरली तरी नोंद ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. चक्कर मारताना तर गाडी शंभर टक्के आपलीच असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आणि चाचणी हा काही पोरखेळ नाही, हे आमच्या गावाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये गावातल्या एका तरुण कारागिराने मारुती ८०० चं इंजिन बसवून स्वतः हेलिकॉप्टर तयार केलं होतं. चाचणी घेताना मागचं पातं तुटलं, ते वरच्या पंख्यावर आदळलं, आणि पोरगा गेला. त्याच्या जिद्दीला माझा नमस्कारच आहे. तो आपलंच यंत्र तपासत होता, आपण तर आपलं यंत्र दुसऱ्याच्या हाती देतो. यंत्राचा आणि चालवणाऱ्याचा दोष पहिल्यांदा कळतो तो चाचणीतच.

म्हणून पुतण्याला सांगितलं, चालवायला जरूर दे. पाण्यात उतरवल्याशिवाय ते इंजिन नीट तपासता येत नाही, असं तोच म्हणाला. पण आधी ओळखपत्र बघ, पूर्ण रक्कम हातात घे, लाइफ जॅकेट घालायला लाव. पहिली फेरी तू मार, त्याला मागे बसव. त्याच्याकडून एक नवीन गोष्ट कळली. या यंत्रात जेटच्या पाण्याच्या जोरावरच दिशा बदलते. नवखा माणूस घाबरून रेस सोडतो आणि मग हँडल वळवूनही ते सरळच जात राहतं! आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी बांधायची असते. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. मी म्हटलं, अरे, हा तर कासराच झाला!

चार दिवसांनी पुन्हा फोन. "काका, गिऱ्हाईक गेलं. म्हणाला, एवढा अविश्वास असेल तर राहू द्या." आवाज पडलेला होता. मी म्हटलं, जाऊ दे. दुसरं येईल.

तो माझा विद्यार्थी अजून बसस्टँडवर भेटतो. "नमस्कार सर" म्हणतो, चहाचा आग्रह करतो. चांगलं चाललंय त्याचं. फक्त उजवा खांदा जरासा खाली आहे. त्याच्या कधी लक्षातही येत नसेल. माझं लक्ष मात्र आधी तिकडेच जातं.

असो. तुमच्यापैकी कुणी गाडी विकायला काढली असेल, तर चावी देण्याआधी लायसन्स मागा. समोरच्याला दोन मिनिटं वाईट वाटेल, एवढंच.