बिशपांची गादी आणि गावकुसाबाहेरचा भाविक

महाराष्ट्रातील कॅथलिक चर्चविषयी दोनच सूर सामान्यतः ऐकू येतात. एक द्वेषाचा : चर्च परकीय, बिशप परकीयांचे हस्तक, धर्मांतर हे राष्ट्रावरील संकट. दुसरा कृतज्ञतेचा : चर्चने शाळा काढल्या, दवाखाने चालवले, शिस्त शिकवली. दोन्ही सुरांत एक माणूस मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. तो मराठवाड्यात गावकुसाबाहेर राहतो, मूळचा महार वा मांग आहे, बहुधा भूमिहीन आहे, आणि रविवारी प्रार्थनेला जातो. त्याच्या नावाने एक पक्ष आरोळी ठोकतो, दुसरा पक्ष सेवेचा दाखला देतो. त्याला स्वतःला काय हवे, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. समाजवादी चळवळीनेही हा ‘अल्पसंख्याकांचा अंतर्गत प्रश्न’ मानून दूर ठेवला. हे मौन आता सोडले पाहिजे.

हिंगोली जिल्ह्यापासून पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कॅथलिकांची संख्या अल्प आहे. परंतु चर्चच्या व्यवस्थेत माणसे थोडी असली तरी अधिकाराची उतरंड पूर्ण असते : गावच्या भाविकावर धर्मगुरू, धर्मगुरूवर औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) बिशप, प्रांताच्या माथ्यावर नागपूरचा आर्चबिशप आणि सर्वांच्या वर रोम. वसमतच्या हळदीच्या शिवारात राबणारा वा ऊसतोडीच्या टोळीबरोबर सहा महिने घर सोडणारा मजूर या उतरंडीच्या तळाशी आहे. वरच्या पायऱ्यांवर कोण बसले आणि त्यांना कोणी बसवले, याचा इतिहास म्हणूनच केवळ चर्चचा इतिहास राहत नाही.

हा इतिहास छावण्यांपासून सुरू होतो. फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे धर्मगुरू सव्हॉय प्रांतातील आनसी येथून १८४६ मध्ये विशाखापट्टणला आले आणि तेथून कामठीच्या छावणीपर्यंत पोहोचले. त्या काळी औरंगाबाद, जालना आणि हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची लष्करी ठाणी होती. साम्राज्याची फौज जेथे, तेथे तिच्या सैनिकांसाठी चर्च, हा त्या युगाचा नियम होता. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी भारतात धर्मप्रांतांची नियमित रचना केली आणि पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. रिकाझ, पेल्व्हा, क्रोशे, बोनाव्हांतुर, कोपेल, गाये : १९५० पर्यंत ओळीने सहा बिशप आणि सहाही युरोपीय. शंभर वर्षांच्या मिशनकार्यानंतरही या मातीतला एकही माणूस त्या गादीस योग्य ठरू नये, हा योगायोग म्हणता येणार नाही.

याच काळात गंगापूर-वैजापूर पट्ट्यात, घोगरगावच्या आसपास, फादर जाकिए यांच्यासारख्या धर्मगुरूंनी दलित वस्त्यांत आयुष्य घालवले. त्यांच्या व्यक्तिगत त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुष्काळात धान्य, सावकाराच्या तगाद्यात आधार, मुलांना अक्षरओळख या गोष्टी ज्यांना सवर्ण गावाने कधी दिल्या नाहीत, त्यांनी त्या देणाऱ्याचा धर्म स्वीकारला तर त्याला ‘आमिष’ म्हणणाऱ्यांनी प्रथम गावच्या पाणवठ्याचा इतिहास वाचावा. भाकरी आणि माणुसकी ही ज्यांच्या दृष्टीने आमिषे आहेत, त्यांनी ती आपल्या हाताने का दिली नाहीत, हा खरा प्रश्न आहे. परंतु त्यागी धर्मगुरू वेगळा आणि अधिकाराची रचना वेगळी. नवा भाविक या रचनेत लेकरू म्हणून घेतला गेला. तो कर्ता पुरुष व्हावा, अशी तिची योजना नव्हती.

स्वातंत्र्यानंतर गादीचा रंग बदलला. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. नागपुरात १९५१ मध्ये युजीन डिसोझा आले आणि १९५३ मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झाल्यावर तेच पहिले आर्चबिशप ठरले. त्यांच्यानंतर लेनर्ड रेमंड, लिओबार्ड डिसोझा, १९९८ ते २०१८ या काळात केरळचे अब्राहम विरुथकुलंगरा आणि पुढे एलियस गोन्साल्विस. मराठवाड्याची वाटही अशीच. १९५५ मध्ये अमरावतीचा आणि १९७७ मध्ये औरंगाबादचा धर्मप्रांत निघाला. औरंगाबादच्या गादीवर डॉमिनिक आब्रेव, इग्नेशियस डिकुन्हा, एडविन कुलासो, अँब्रोज रिबेलो अशी नावे आली. यांतील कोणाच्याही योग्यतेवर आक्षेप नाही. पण मराठवाड्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत आडनावे भेटतात ती कांबळे, गायकवाड, साळवे, त्रिभुवन अशी. गादीवरची आडनावे मात्र पश्चिम किनाऱ्याची. युरोपीय गेला, किनाऱ्यावरचा आला. देशावरचा दलित खालच्या पायरीवरच राहिला. १९८७ मध्ये नाशिकचा नवा धर्मप्रांत झाला तेव्हा थॉमस भालेराव हे तेथले पहिले बिशप झाले. देशावरच्या आडनावाला ही गादी वर्ज्य नाही, हे त्यातून दिसते. मग मराठवाड्यात ते का घडले नाही, याचे उत्तर चर्चने द्यावयाचे आहे.

‘देशी’ आणि ‘परदेशी’ या शब्दांनी हा प्रश्न सुटत नाही, याचा पुरावा चर्चच्याच इतिहासात आहे. गोव्यातील दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो ब्राह्मण कुळातले ख्रिस्ती होते. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरुपद नाकारले. ते रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतले. त्यांच्याकडे आदिलशाही मुलूख सोपवण्यात आला आणि डिचोलीत त्यांनी आपले ठाणे केले. मुंबईच्या महाधर्मप्रांताची पूर्वपीठिका याच नेमणुकीपर्यंत नेली जाते. पोर्तुगीज वर्णाहंकाराशी त्यांनी जन्मभर झुंज दिली आणि १६५३ मध्ये एक जळजळीत पत्रक लिहिले. त्याचे नाव काय? ‘ब्राह्मणांचा आरसा’. गोऱ्यांच्या बरोबरीचा हक्क मागणारा हा बंडखोर तो हक्क आपल्या जातीच्या नावाने मागत होता. गोव्यातील धार्मिक बंधुमंडळेही पुढे ब्राह्मण आणि चारडो अशी जातवार राहिली. गोऱ्याविरुद्धचे बंड जातीविरुद्धचे बंड असतेच असे नाही, हा धडा काँग्रेसच्या राष्ट्रवादाने जसा विसरला, तसाच चर्चच्या ‘भारतीयीकरणा’नेही विसरला.

आता नागपूरच्या १९५६ सालाकडे वळावे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने त्या वर्षी मिशनऱ्यांविरुद्ध आपला अहवाल दिला. १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आर्चबिशपांच्या पीठाच्या दारात दलितांनी इतिहासातले सर्वांत मोठे धर्मांतर केले आणि ते ख्रिस्ताकडे वळले नाहीत. बाबासाहेबांच्या निर्णयाची कारणे अनेक होती. त्यांपैकी एक सर्वांना दिसत होते. धर्म बदलूनही ज्यांच्या चर्चमध्ये जात शिल्लक राहिली, अशा ख्रिस्ती दलितांची उदाहरणे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. नियोगी अहवालाला चर्चने जोरदार उत्तर दिले. धम्मदीक्षेने विचारलेल्या अबोल प्रश्नाला तेवढ्या जोराने उत्तर दिल्याचे स्मरत नाही.

औरंगाबाद धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ चा. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. झोपडी जाळणारा हात आतल्या माणसाचा धर्म विचारत नाही, जात विचारतो. नव्या धर्मप्रांताच्या भाविकाची खरी ओळख त्या आगीच्या उजेडात दिसली होती : तो कॅथलिक असला तरी गावाच्या लेखी अस्पृश्यच होता.

आणि तरीही राज्यसंस्था म्हणते की ख्रिस्ती झाला तो अस्पृश्य उरला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने बौद्धांना त्यात सामावून घेतले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूसाई खटल्यात पुरावा अपुरा म्हणून दाद नाकारली. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात १९५० च्या आदेशाचे समर्थन केले आणि त्याच वर्षी न्या. बालकृष्णन आयोग नेमला. परिणाम काय होतो? शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण, हे सारे धर्माच्या रकान्यावर लटकते. माणूस दाखल्यावर हिंदू मांग राहतो आणि रविवारी चर्चला जातो. संविधानाने दिलेले धर्मस्वातंत्र्य त्याला लपूनछपून भोगावे लागते. आणि त्याच वेळी राज्य शासन, फेब्रुवारी २०२५ मध्ये, सक्तीच्या धर्मांतरावरील कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमते! खरी सक्ती कोणती? उपाशी माणसाला ‘हक्क हवा तर आमच्याच देवळाच्या पायरीवर बस’ असे सांगणे, ही सक्ती नव्हे काय?

बिशप या आदेशाविरुद्ध बोलतात आणि ते योग्यच आहे. परंतु राज्याकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या घरचा हिशेब दाखवला पाहिजे. भारतीय बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाखांच्या आसपास दलित आहेत आणि चर्चमधील जातिभेद हे पाप आहे, अशी कबुली त्यात आहे. कबुली प्रामाणिक आहे. प्रायश्चित्त कोठे आहे? गोव्याची गादी १५५७ मध्ये आर्चबिशपांची झाली. भारतात पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, २०२२ मध्ये झाला. मधली ४६५ वर्षे हा त्या प्रायश्चित्ताचा वेग आहे.

शिक्षणसंस्थांत तर कबुलीच्या अगदी विरुद्ध दिशेने पावले पडतात. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खाजगी शिक्षणसंस्थांत आरक्षणाची वाट मोकळी केली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. २०१४ च्या निकालाने त्यांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतूनही सुटल्या. अल्पसंख्याकांचे संरक्षण हे लोकशाहीचे भूषण आहे आणि ते मोडू पाहणाऱ्यांना समाजवाद्यांनी विरोधच केला पाहिजे. पण या कवचाचा उपयोग कोणासाठी होतो? शहरातील नामांकित मिशन शाळेत शुल्क भरू शकणाऱ्या सर्वधर्मीय मध्यमवर्गाची मुले शिकतात; हिंगोलीच्या ऊसतोड मजुराच्या मुलाला, तो ख्रिस्ती असला तरी, तेथे हक्काची जागा नसते. त्या जागा ठेवण्यास कोणताही कायदा चर्चला मनाई करत नाही. डॉ. लोहियांच्या ‘विशेष संधी’च्या तत्त्वाला देवळाची, मशिदीची वा चर्चची भिंत अडवू शकत नाही.

बिशप निवडण्याचा अधिकार पोपचा आहे, त्यात बदल करणे या देशातील कोणाच्या हातात नाही, असे उत्तर मिळेल. ते अर्धे खरे आहे. १९८३ च्या चर्चसंहितेचे ३७७ वे कलम पोपच्या राजदूताला नेमणुकीपूर्वी सामान्य भाविकांचेही मत घेण्याची मुभा देते. ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे सांगते. १२८७ वे कलम तर भाविकांनी दिलेल्या धनाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे बजावते. रोमची परवानगी आहे. अडते ते येथेच.

हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा महाराष्ट्रातील समाजवादी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बहुसंख्याकांच्या जमातवादाशी लढत असतानाच अल्पसंख्याकांतील दुर्बलाची बाजू घेता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. तीच कसोटी येथे लावावी. पहिली मागणी राज्याकडे : १९५० च्या आदेशातील धर्माची अट रद्द करा आणि धर्मांतरबंदीचा खटाटोप सोडा. दुसरी मागणी चर्चकडे : आपल्या शाळा-महाविद्यालयांत सर्वधर्मीय दलितांसाठी स्वेच्छेने जागा राखून त्यांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करा, हिशेब मराठीत भाविकांपुढे ठेवा आणि पुढचा बिशप नेमण्यापूर्वी वस्तीचे मत विचारा. यांतील एक मागणी दुसरीच्या बदल्यात सोडून देता येणार नाही.

हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचे गाव आहे आणि जवळच औंढा नागनाथ. नामदेवांना देवळासमोरून मागे हाकलले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे लोक सांगतात. चमत्कार घडला की नाही, हा वाद व्यर्थ. लोकांनी शतकानुशतके ही कथा जपली, कारण दूर लोटलेल्या माणसाकडे तोंड फिरवण्याची जबाबदारी देवळाची आहे, असे त्यांना वाटत आले. कार्यकर्त्यांनी आता मराठवाड्यातील ख्रिस्ती वस्त्यांत जावे, जातीच्या दाखल्यांची आणि अत्याचाराच्या तक्रारींची गावोगाव नोंद करावी आणि तेथल्या तरुणांना आपल्या मागण्या त्यांच्याच तोंडून मांडू द्याव्यात. त्यांच्या वतीने बोलणारे आजवर पुष्कळ झाले.