रिंगण आणि धावपट्टी

१५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या ऑलिंपिकमध्ये ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत दहाव्या आल्या. पदक मिळाले नाही, म्हणून या पराक्रमाची आठवण लवकर पुसट झाली. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एका शतांश सेकंदाने पदकास मुकल्या होत्या. त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री दिसण्यास ३२ वर्षे लागली, आणि ती निघाली दुष्काळी माणदेशातील मोही गावची शेतकरीकन्या!

लांब पल्ल्याच्या शर्यती गाजवून ललिताबाई अडथळ्यांकडे वळल्या. २०१४ मध्ये इंचॉनला कांस्यपदक, २०१५ मध्ये वुहान येथे आशियाई अजिंक्यपद आणि रिओच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, अशी ही चढती कमान आहे. तो विक्रम २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी मोडला. विक्रमाचे सार्थक त्यातच असते.

स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे व पाण्यावरील ७ उड्या असतात. स्त्रियांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, ती सर्वांना सारखीच. धावपट्टीबाहेरचे अडथळे मात्र सारखे नसतात. अपुरा आहार, अर्धवट सुटणारी शाळा, लवकर ठरणारे लग्न यांची उंची कोणी मोजलेली नाही. एखादी ललिता ते ओलांडते. ज्या ओलांडू शकत नाहीत, त्यांची नावे कोणत्याही निकालात येत नाहीत.

म्हणूनच आम्ही अकलूजकडे अपेक्षेने पाहतो. नीरेच्या कालव्याने माळशिरस तालुक्यात ऊस उभा केला; सहकाराने कारखाना आणि शिक्षणसंस्था उभ्या केल्या. त्याच तालुक्याच्या शिवेला लागून माण आहे. शेजारच्या कोरड्या माळावरील मुलींना वसतिगृह, सकस अन्न आणि जाणता प्रशिक्षक सलग पाच-सहा वर्षे देणे या समृद्ध नगरीस अशक्य नाही. एका दिवसाचे सत्कार आणि फलक यांनी हे काम होणार नाही.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचे रिंगण अकलूजला होते. त्यात डोक्यावर तुळस घेऊन स्त्रिया धावतात आणि सारे गाव कौतुकाने पाहते. ते कौतुक वर्षाचे उरलेले दिवसही टिकावे, एवढेच आमचे मागणे आहे.