पाहुण्यांना कुठं न्यायचं?

सुट्टीत पाहुणे कोल्हापुरात उतरले की त्यांची यादी ठरलेली: अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, तांबडा-पांढरा, चपला. हरकत नाही. पण गावकऱ्याची यादी निराळी, आणि हा अंक तिच्यासाठी आहे.

माझं पहिलं मत गंगावेशीतल्या दूधकट्ट्याला. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, समोरच धार काढली जाते आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला थेट हातात येतो. तालमीतली पोरं तो एका दमात रिचवतात; पुण्या-मुंबईचे पाहुणे आधी विचारतात, उकळलंय का? (नसतं. तीच तर गंमत.) त्यानंतर खासबाग. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभं राहिलेलं हे कुस्तीचं मैदान बशीसारखं खोलगट आहे. त्यामुळे पार मागं बसलेल्यालाही आखाड्यातला डाव दिसतो. कुस्त्या नसल्या तरी जा. मला तर मैदान रिकामं असतानाच जास्त आवडतं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, ती हळहळ अजून गावाच्या बोलण्यात आहे.

देवळात गर्दी सोसायचीच असेल, तर किरणोत्सवात सोसा. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात. आभाळ आलं, तर मात्र बेत फसला म्हणून समजा.

न्यू पॅलेस घाईत उरकला तरी चालेल. चपला कुठं घ्याव्यात, यावर संपादक मंडळात एकमत झालं नाही. तो वाद पुढच्या अंकात.